कान्होजी आंग्रे आणि त्यांची 'टगबोट'

आपल्या कामठीत कन्हान नदी आहे, समुद्र नाही. त्यामुळे आधी टगबोट म्हणजे काय ते सांगते. मोठं जहाज बंदरातल्या कमी जागेत स्वतःहून नीट वळत नाही. त्याला ओढणारी-ढकलणारी छोटी पण ताकदवान बोट म्हणजे टगबोट. हे काम ३०० वर्षांपूर्वी आपल्या कोकणात इंजिनाशिवाय चालायचं, तेही लढाईत!

कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते. सिधोजी गुजरांनंतर आरमार कान्होजींच्या हाती आलं आणि ते सरखेल झाले. कुलाबा किल्ला त्यांचं मुख्य ठाणं.

त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची जहाजं होती. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, १५० ते ३०० टनांची. तिच्या तोंडाशी समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत लहान, जास्तीत जास्त ७० टनांचं, पण त्याला ४०-५० वल्ही. वारा पडला की शिडाचं जहाज जागीच अडकतं. इंग्रजांचं जहाज असं अडकलं की गलबतं दोर बांधून गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला नेत, कारण तिथे शत्रूच्या तोफा कमी. मग गुराबा आधी डोलकाठ्या तोडत. म्हणजे वारा नसणं हा शत्रूचा प्रॉब्लेम आणि कान्होजींचा फायदा! शिवाय या जहाजांना पाणी कमी लागे, त्यामुळे ती खाडीत शिरत आणि मोठी जहाजं बाहेरच राहत.

१७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर आले आणि हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. तेव्हा बाजीराव पेशवे मदतीला धावले आणि ती मोहीमही फसली. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले, पण ४ जुलै १७२९ ला मरेपर्यंत कान्होजी अजिंक्यच राहिले.

पुढचं वाचून मात्र वाईट वाटतं. मुलांमध्ये भांडणं झाली, दौलत वाटली गेली. १७५६ मध्ये बाजीरावांच्याच मुलाने, नानासाहेबांनी, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. विजयदुर्गाखाली उभं असलेलं आरमार जळून खाक झालं. डिझाइन तेच होतं, माणसं एका दोराला बांधलेली राहिली नव्हती.

मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव मिळालं. आपल्या ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी मला आता ती गलबतं आठवतात. पुढे दिसते गुराब, पण तिला ओढणारं कुणीतरी लागतंच.