१८० चा स्पीड आणि १४ चं मायलेज : पेट्रोल वाचवणारी स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कॉलिन चॅपमनची गोष्ट

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातलं इटियाडोह धरण ओव्हरफ्लो झालं की बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. अर्जुनी मोरगावकडून धरणाकडे जाताना एखाद्या टपरीवर नवीकोरी गाडी उभी राहिली, की चहा पिणारे आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात. किती देते?

गाडी स्प्लेंडर असो नाहीतर स्विफ्ट, उत्तर लगेच मिळतं. पण तिथं एखादी स्पोर्ट्स कार येऊन थांबली तर? मालक हसून विषय बदलणार. स्पोर्ट्स कार आणि मायलेज यांचा छत्तीसचा आकडा आहे, हे त्यालाही माहीत असतं आणि विचारणाऱ्यालाही. रोज ऑफिसला जायला असली गाडी वापरायची म्हणजे पगार पेट्रोल पंपावर ठेवून यायचा.

हा छत्तीसचा आकडा साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एका इंग्रज इंजिनिअरने खोटा ठरवला होता. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा संस्थापक. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना हे नाव पाठ असतं, बाकीच्यांनी त्याची गाडी बघितलेली असते ती जेम्स बाँडच्या पिक्चरमध्ये, पाण्याखाली पाणबुडी होणारी. ती लोटस एस्प्री.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. पोरगा हुशार होता, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनिअरिंगला गेला. विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग, म्हणजे इमारती आणि पूल. कॉलेजात असतानाच तो विमान उडवायलाही शिकला. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने कारकडे कधी मेकॅनिकच्या नजरेने बघितलंच नाही. पूल किती कमी लोखंडात उभा राहील आणि विमान किती हलकं करता येईल, या नजरेने बघितलं.

कॉलेजात असताना मित्रासोबत त्याने जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायचा धंदा सुरू केला. धंदा बरा चालला होता. पण दुसरं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरूच होतं आणि १९४७ च्या शेवटी सरकारने सामान्य माणसाला मिळणारा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोलच नाही म्हटल्यावर जुनी गाडी घेणार कोण? बाजार बसला. चॅपमनला गाड्या पडेल भावात काढाव्या लागल्या आणि कमावलेला सगळा नफा गेला. शेवटी एकच गाडी उरली, जिला कुणी विचारत नव्हतं. १९३० ची ऑस्टिन सेव्हन.

ही ऑस्टिन त्याने गर्लफ्रेंड हेझल विल्यम्सच्या आई-वडिलांच्या घरामागच्या गॅरेजात नेली, वरची बॉडी काढून टाकली आणि स्वतःच्या डोक्याने नवी हलकी बॉडी चढवली. हीच पहिली लोटस. पेट्रोल संपलं म्हणून धंदा बुडाला आणि बुडालेल्या धंद्यातल्या उरलेल्या गाडीतून कंपनी जन्माला आली, असा हा हिशोब आहे.

१९५२ मध्ये त्याने लोटस इंजिनिअरिंग रीतसर सुरू केली. भांडवल म्हणून हेझलने २५ पाउंड उसने दिले होते. वर्कशॉप कुठं, तर वडिलांच्या पबमागच्या जुन्या तबेल्यात. चॅपमन दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी इथं यायचा. १९५४ मध्ये हेझलशी लग्न झालं. कंपनीच्या इतिहासात तिचं नाव फार कमी वेळा येतं. यायला पाहिजे.

मोठं इंजिन विकत घ्यायला पैसे नव्हते. मग जिंकायचं कसं? वजन कमी करून. इतर कंपन्या ताकद वाढवत होत्या, चॅपमन एकेक किलो काढत होता. त्याचं गणित सोपं होतं. ताकद वाढवली तर गाडी फक्त सरळ रस्त्यावर जोरात पळते. वजन कमी केलं तर ती वळणावरही जोरात जाते, ब्रेकही लवकर लागतो, टायरही कमी झिजतात. आणि पेट्रोलही कमी लागतं.

इथं जरा थांबून गाडीत टाकलेलं पेट्रोल जातं कुठं ते बघू.

शहरात आपण गाडी पळवतो आणि सिग्नलला थांबवतो. पळवताना पेट्रोल जाळून जी गती मिळवली ती ब्रेक दाबल्यावर उष्णता होऊन उडून जाते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. गाडी जितकी जड, तितकं दरवेळी जास्त पेट्रोल उडणार. हायवेवर हिशोब बदलतो. तिथं वजनापेक्षा हवा आडवी येते, आणि स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तिसरी गोष्ट इंजिनची. गर्दीत ४० च्या स्पीडने रांगणाऱ्या गाडीला थोडीच ताकद लागते. पण बॉनेटखाली ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन असलं तर त्याला सतत दाबून चालवावं लागतं. पेट्रोल इंजिनची हवा अडवून त्याची ताकद कमी केली जाते आणि त्या अडवण्यातही इंधन वाया जातं. सिग्नलला नुसतं उभं असतानाही मोठं इंजिन जास्त पितं. म्हणून रोजच्या ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट्स कारचं मायलेज कोसळतं. दोष वेगाचा नसतो, तो वेग ज्या मार्गाने मिळवला त्याचा असतो.

चॅपमनने दुसरा मार्ग धरला आणि १९५७ च्या लंडन मोटर शोमध्ये गाडी आणली, लोटस एलिट.

या गाडीला खाली वेगळी चेसी नव्हती. अख्खी बॉडीच फायबरग्लासची आणि तीच सगळा भार उचलायची, थोडंफार लोखंड होतं ते फक्त गरजेच्या जागी. बाजारात विकल्या जाणाऱ्या कारमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. आकार काढला होता पीटर कर्वान-टेलर या चॅपमनच्या मित्राने, जो पेशाने गाड्यांचा डिझायनर नव्हता, आकडेमोडीच्या जगातला माणूस होता. मग विमानांच्या कामातून आलेल्या फ्रँक कॉस्टिनने हवा कशी कापली जाईल ते बघून त्यावर हात फिरवला. हवेचा विरोध मोजायचा जो आकडा असतो, तो या गाडीचा ०.२९ भरला. आजच्या कित्येक गाड्यांनाही तो जमत नाही. वजन सातशे किलोच्या आत. इंजिन फक्त १२१६ सीसीचं कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, ताकद ७५ हॉर्सपॉवर.

हा आकडा किती लहान आहे? आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत फियाट ११०० बनायची, जी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पळाली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. म्हणजे एलिटचं इंजिन टॅक्सीपेक्षा थोडंसंच मोठं.

१९६० मध्ये द मोटर या ब्रिटिश मासिकाने एलिट चालवून बघितली. टॉप स्पीड आला ताशी १११.८ मैल, म्हणजे जवळपास १८० किलोमीटर. आणि मायलेज? एका ब्रिटिश गॅलनला ४०.५ मैल. आपल्या भाषेत लिटरला १४ किलोमीटरच्या थोडं वर. ना फ्युएल इंजेक्शन, ना कॉम्प्युटर, साधा कार्ब्युरेटर असताना. इटियाडोहला जाऊन-येऊन १०० किलोमीटर होतात असं धरलं तर सात लिटरमध्ये काम झालं असतं.

फ्रान्सच्या ल मान्समध्ये २४ तासांची रेस होते. तिथं त्या काळात सगळ्यात पुढे येणाऱ्याला बक्षीस होतंच, पण कमी इंधनात जास्त काम करणाऱ्या गाडीलाही वेगळं बक्षीस होतं. वजन, वेग आणि जाळलेलं पेट्रोल यांचा हिशोब करून ते दिलं जायचं. एलिटने ते दोनदा जिंकलं, आणि १९५९ ते १९६४ अशी सलग सहा वर्षं आपल्या गटातला पहिला नंबरही सोडला नाही.

आता रोज वापरायला ही गाडी कशी होती? खरं सांगायचं तर त्रासाची. दरवाजे इतके वळणदार होते की काच खाली सरकायला जागाच नव्हती. हवा पाहिजे तर काच अख्खी काढून ठेवायची. फायबरग्लासच्या बॉडीत इंजिनचा आवाज ढोलासारखा घुमायचा. विदर्भातल्या मे महिन्यात या गाडीत बसायची कल्पनाही नको. शिवाय बनवायला इतका खर्च यायचा की कंपनीला तोटा होत होता. हजारेक गाड्या बनल्या आणि विषय संपला.

तोटा भरून काढायला चॅपमनकडे वेगळा जुगाड होता. ब्रिटनमध्ये तयार कारवर जबर खरेदी कर होता, पण सुट्या भागांवर नव्हता. मग लोटस गाडी सुट्या भागांत विकायची आणि लोक घरी जोडायचे. बिनछपराची, बिनदरवाजाची लोटस सेव्हन अशीच पोरांच्या गॅरेजात पोचली. १९६२ मध्ये आलेल्या एलानने मात्र कंपनीला खऱ्या अर्थाने पैसा दाखवला. पुढे जपानच्या माझदाने एमएक्स-५ बनवताना याच एलानकडे बघितलं होतं.

रेसिंगमध्ये तर चॅपमनने धुमाकूळ घातला. लोटस २५, ७२, ७९, प्रत्येक गाडीत काहीतरी असं होतं जे नंतर सगळ्यांनी उचललं. लोटसने फॉर्म्युला वनची सात कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं घेतली. जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग ग्रॅहम हिल, योखेन रिंट, इमर्सन फिटिपाल्डी, मारिओ आंद्रेटी.

यातलं रिंटचं नाव घेताना मात्र अडखळायला होतं.

वजन कमी करायचं म्हणजे प्रत्येक भाग जेमतेम पुरेल इतकाच ठेवायचा. पण जेमतेम आणि अपुरं यातली रेघ फार बारीक असते. जून १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं आणि त्याचे पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं, तो गंभीर जखमी झाला आणि त्याने कंपनीला कोर्टात खेचलं. १९६९ मध्ये बार्सिलोनात रिंटच्या गाडीचं पंख मोडलं, तो थोडक्यात वाचला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहून कळवलं की गाड्या वेगवान आहेत, पण कमजोर भाग जरा भक्कम करा, माझा या गाडीवर विश्वास बसला पाहिजे. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या सरावात त्याच्या लोटस ७२ चा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि रिंट गेला. तोपर्यंतचे त्याचे पॉइंट इतके होते की उरलेल्या रेसमध्ये कुणी त्याला गाठू शकलं नाही. मेल्यानंतर वर्ल्ड चॅम्पियन झालेला तो एकमेव ड्रायव्हर आहे.

जिवलग मित्र असलेला जिम क्लार्क १९६८ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला लोटसमध्येच गेला होता. त्या धक्क्यातून चॅपमन पूर्ण सावरला नाही, असं त्याच्या जवळचे लोक सांगायचे. पण गाड्या जड झाल्या नाहीत. चॅपमनला नुसतं जीनियस म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हा हिशोबही मांडायला पाहिजे.

सत्तरच्या दशकात पेट्रोल पुन्हा आडवं आलं. १९७३ च्या तेलसंकटात स्पोर्ट्स कारचा बाजार बसला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नवी करपद्धत आली आणि सुट्या भागांचा जुगाडही संपला. सेव्हनचे हक्क केटरहॅमला विकून चॅपमन महागड्या गाड्यांकडे वळला. विक्री घटत गेली.

मग आला अमेरिकेचा जॉन डीलोरियन. ब्रिटिश सरकारच्या पैशातून उत्तर आयर्लंडमध्ये तो स्टीलच्या बॉडीची स्पोर्ट्स कार काढणार होता आणि ती रस्त्यावर आणण्याचं इंजिनिअरिंग लोटसकडे होतं. या कामाचे पैसे पनामात नोंदलेल्या एका कंपनीतून फिरले आणि त्यातले लाखो पाउंड गायब झाले. १९८२ मध्ये डीलोरियनचा कारखाना बुडाला, चौकशी सुरू झाली. आणि १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे चॅपमन हार्ट अटॅकने गेला. वय ५४. वेळ अशी होती की तो मेलाच नाही, ब्राझीलला पळालाय, अशा अफवा कितीतरी वर्षं फिरत राहिल्या. त्याचा जुना आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल १९९२ मध्ये तुरुंगात गेला. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षं झाली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा बोलून दाखवलं.

कंपनी मात्र जगली. आधी जनरल मोटर्स, मग मलेशियाची प्रोटॉन, आता चीनची जीली, असे मालक बदलत गेले. १९९६ च्या लोटस एलिझचं वजन होतं सव्वासातशे किलोच्या आसपास, आणि टेस्लाची पहिली गाडी, रोडस्टर, याच एलिझच्या आधारावर बनली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लोटस भारतात आली. सोबत आणलेल्या पहिल्या गाडीचं नाव एलेट्रा. इलेक्ट्रिक एसयूव्ही, किंमत अडीच कोटींच्या वर, वजन साधारण अडीच टन.