ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तक होत. हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे या गोष्टी शाळेबाहेरच्या न मानता त्यांनी त्यांना बालशिक्षणातच स्थान दिले.

जीवन

त्यांचा जन्म मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. पुढे लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या व तेथील महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळी असे पाऊल टाकणे सोपे नव्हते.

गिजुभाई बधेका यांच्या कार्याने प्रभावित होऊन त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. तेथे मॉंटेसरी पद्धतीचा प्रयोग चालू होता. बटणे लावणे, हात धुणे, जागा पुसणे ही कामे मूल स्वतः करते. मोठ्यांनी घाईने ती उरकून टाकली, तर मुलाची शिकण्याची संधीच हिरावली जाते, हे या पद्धतीचे एक मर्म आहे. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंबरोबर ताराबाई त्याच्या प्रमुख आधारस्तंभ होत्या.

बोर्डी व कोसबाड

शहरातील सुस्थित मुलांपुरते हे शिक्षण मर्यादित राहते, ही खंत त्यांना होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून 'अंगणवाडी' आकाराला आली.

तेथील पहिला पाठ अक्षरांचा नव्हता, अंघोळीचा होता. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुले न धुतलेल्या तोंडाने, विस्कटलेल्या केसांनी येत. अशा मुलांना अस्वच्छ म्हणून हिणवणे वा परत पाठविणे हा सोपा मार्ग होता, आणि पुष्कळ शाळांनी तो पत्करलाही. ताराबाईंनी तसे केले नाही. आरंभी शिक्षिकांनी मुलांना न्हाऊ घालावे आणि हळूहळू ते काम मुलांच्या हाती द्यावे, असा क्रम त्यांना अभिप्रेत होता. मुलांना अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत न्हाऊ घातल्याने आयांपर्यंतही तो पाठ पोहोचे. महागड्या मॉंटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने यांचा उपयोग करण्यात आला.

१९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेण्यात आले. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागत असल्याने मोठी मुले शाळेत येऊ शकत नसत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली 'विकासवाडी' उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढण्यात आली.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या पश्चात अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य पुढे चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.