टोलनाक्यावरची रांग आणि तुमचा कोड

तुम्ही इंजिनीअरिंगला असा, बीसीए करत असा किंवा घरी बसून व्हिडिओ बघत जावा शिकत असा, एक प्रश्न तुम्हाला चुकलेला नाही. क्लास म्हणजे काय आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय? व्हायव्हाला तो हमखास येतो आणि उत्तरही तोंडपाठ असतं. क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून तयार झालेली वस्तू. इनहेरिटन्स, एन्कॅप्सुलेशन, पॉलिमॉर्फिझम हेही पाढ्यासारखं म्हणता येतं. मार्क मिळतात. पण खराखुरा प्रोजेक्ट हातात आला की नेमका कशाकशाचा क्लास करायचा हेच सुचत नाही. मग पाचशे ओळी एकाच मेनमध्ये कोंबल्या जातात आणि महिन्याभरानं आपलाच कोड आपल्याला कळेनासा होतो.

तुमचं असं होत असेल तर नॉर्वेच्या एका माणसाची ओळख करून घ्या. त्यांचं नाव क्रिस्टेन निगार्ड. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना ज्या दोघांनी जगाला दिल्या त्यातले ते एक. दुसरे त्यांचे सहकारी ओले-योहान डाल. गंमत म्हणजे निगार्ड यांना नवी कॉम्प्युटर भाषा काढायची हौस नव्हती. त्यांना कारखाने, रांगा, बंदरं, विमानतळ नीट समजून घ्यायचे होते.

अणुभट्टी आणि हातानं केलेली आकडेमोड

निगार्ड यांचा जन्म 27 ऑगस्ट 1926 चा, ऑस्लोमधला. गणितात डोकं चांगलं चालायचं. 1948 मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. देशाची पहिली अणुभट्टी उभी राहत होती आणि तिच्यासाठी प्रचंड आकडेमोड लागत होती. काही गणितं सरळ सूत्रानं सुटतच नव्हती. तिथे त्यांनी माँटे कार्लो पद्धत वापरली. म्हणजे फासे टाकावेत तसे यादृच्छिक आकडे घ्यायचे, एकच घटना पुन्हा पुन्हा घडवून बघायची आणि सरासरीवरून उत्तराचा अंदाज बांधायचा. आज हे काम लॅपटॉप चुटकीसरशी करतो. त्यांच्या गटानं ते हातानं केलं! पुढे 1956 मध्ये याच विषयावर त्यांनी ऑस्लो विद्यापीठातून मास्टर्स पदवी घेतली.

याच संस्थेत ते ऑपरेशन्स रिसर्चकडे वळले. एखादी मोठी यंत्रणा कशी चालते, कुठे अडते, कुठे वेळ वाया जातो याचा हा अभ्यास. इथे त्यांना एक अडचण दिसली. यंत्रणेचं वर्णन करायला धड भाषाच नव्हती. माणसांना समजेल असं लिहावं तर ते कॉम्प्युटरला चालत नव्हतं. कॉम्प्युटरला समजेल असं लिहावं तर त्यात कारखाना कुठे आणि कामगार कुठे हे ओळखूच येत नव्हतं.

छोट्या देशाला हे कुठलं झेपतंय?

1960 मध्ये निगार्ड ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. पुढच्याच वर्षी एका नव्या भाषेची कल्पना आकाराला येऊ लागली. यंत्रणेचं वर्णनही करता येईल आणि तेच वर्णन कॉम्प्युटरवर चालवूनही बघता येईल अशी भाषा. नाव ठरलं सिम्युला. प्रोग्रामिंगमध्ये डाल यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून निगार्ड यांनी त्यांना सोबत घेतलं.

आता विरोध कसा झाला तेही ऐका. कोणी म्हणालं, अशा भाषेचा उपयोगच नाही. कोणी म्हणालं, उपयोग आहे पण हे आधीच होऊन गेलंय. कल्पनेत दम नाही, या लोकांना ते जमणार नाही, हेही ऐकवून झालं. आणि शेवटचा मुद्दा असा की ही कामं पैसेवाल्या मोठ्या देशांनी करायची असतात, नॉर्वेसारख्या छोट्या देशानं नव्हे. ओळखीचं वाटतंय ना?

निगार्ड मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. 1962 मध्ये ते अमेरिकेत गेले. युनिव्हॅक कंपनीला आपला 1107 हा नवा कॉम्प्युटर युरोपात खपवायचा होता. त्यांनी कंपनीला सिम्युलाची कल्पना पटवली. संस्थेला मोठ्या सवलतीत कॉम्प्युटर मिळाला आणि कंपनीनं सिम्युला तयार करायचं कामही याच दोघांना दिलं. 1965 च्या सुमारास सिम्युलाची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली.

ट्रक, बस आणि एक रांग

खरी गंमत इथून पुढे आहे. सुरुवातीला दोघांनी जगाचे दोन भाग पाडले होते. काउंटर म्हणजे काम करणारा आणि गिऱ्हाईक म्हणजे मुकाट पुढे सरकणारा. पण प्रत्यक्षातली उदाहरणं घेतल्यावर हे कोलमडलं. विमानतळावरचा प्रवासी स्वतः चालतो, थांबतो, रांग निवडतो. मग काम करणारा कोण, काउंटर की प्रवासी? तुम्ही कुठून बघताय त्यावर ते ठरतं. शेवटी त्यांनी हा भेदच काढून टाकला. यंत्रणेतल्या प्रत्येक घटकाची स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं, दोन्ही एकाच ठिकाणी बांधलं. तुम्ही ज्याला ऑब्जेक्ट म्हणता त्याचं मूळ हे.

मग आला पुलावरचा टोलनाका. टोलनाक्यासमोर रांग आहे. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. ट्रकमध्ये माल, बसमध्ये माणसं. पण रांगेत उभं राहायची पद्धत दोघांची सारखीच. मग रांगेचा कोड ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा एकदा का लिहायचा? 1966 च्या अखेरीस आणि 1967 च्या सुरुवातीला याच कोड्यातून उत्तर निघालं. जे समान आहे ते एका क्लासमध्ये ठेवा आणि ट्रक व बस त्याच्यावर उभे करा. ज्याच्या त्याच्या वेगळ्या गोष्टी ज्याच्या त्याच्याकडे. पुस्तकात तुम्ही ज्याला इनहेरिटन्स म्हणून पाठ करता ते हेच.

त्या दिवसांत दोघं फळ्यासमोर इतक्या जोरात वाद घालायचे की एक किस्साच होऊन बसला. संस्थेत नव्यानं लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे धावली आणि वर दोन माणसं मारामारी करताहेत असं सांगू लागली. ऑपरेटरनं क्षणभर कान दिला आणि शांतपणे सांगितलं की काही नाही, डाल आणि निगार्ड सिम्युलावर बोलताहेत.

त्या वादातून सिम्युला 67 आली. क्लास, सबक्लास, व्हर्च्युअल, न्यू, धिस हे शब्द तिच्यात होते. अमेरिकेत अ‍ॅलन के नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिली सिम्युला लागली आणि पुढे त्यातून स्मॉलटॉक आली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरली. मांडणीला ती त्यांना झकास वाटली, पण चालायला फार संथ. म्हणून 1979 मध्ये त्यांनी सी भाषेत क्लास आणायला घेतले आणि त्यातून सी प्लस प्लस घडली. 1995 मध्ये जावा आली. आज तुम्ही न्यू टाइप करून ऑब्जेक्ट बनवता तेव्हा हाच धागा तुमच्या कीबोर्डपर्यंत आलेला असतो.

पण हे कोणाच्या फायद्याचं?

इथे थांबले असते तरी निगार्ड मोठेच ठरले असते. पण त्यांना एक गोष्ट खटकू लागली. सिम्युला कोण वापरतंय? कारखान्यांचं व्यवस्थापन. आखणी तेच करणार, काम कसं बदलायचं ते तेच ठरवणार. आणि ज्यांचं काम बदलणार त्या कामगारांना विचारणारं कोणी नाही. आपण घडवलेलं हत्यार एकाच बाजूच्या हातात जातंय, हे त्यांना दिसलं.

मग त्यांनी काय केलं? थेट कामगारांकडे गेले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत त्यांनी एक प्रकल्प घेतला. आधी तो नेहमीच्या संशोधनासारखाच आखला होता. तज्ज्ञ येणार, अभ्यास करणार, रिपोर्ट देणार. लवकरच लक्षात आलं की अशा रिपोर्टनं कामगारांच्या हाती काहीच पडत नाही. मग पद्धतच उलटवली. कामगारांनीच कॉम्प्युटर यंत्रणा समजून घ्यायची, आपल्या कारखान्यात काय चाललंय ते स्वतः तपासायचं आणि आपल्या मागण्या स्वतः मांडायच्या. त्यांच्यासाठी साध्या भाषेत पुस्तकं तयार झाली. 1975 मध्ये देशपातळीवर कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यात करार झाला. नवी कॉम्प्युटर यंत्रणा आणताना कामगारांना आधी माहिती देणं आणि त्यांना सहभागी करून घेणं त्यात आलं. अ‍ॅप बनवण्याआधी वापरणाऱ्याला सोबत बसवायचं, ही आज जगभर शिकवली जाणारी पद्धत बऱ्याच अंशी याच कामातून वाढली.

पुढे ते ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले, सहकाऱ्यांसोबत बीटा नावाची आणखी एक भाषा घडवली. राजकारणातही उतरले. नॉर्वेनं युरोपियन युनियनमध्ये जाऊ नये यासाठीच्या चळवळीचे ते 1990 पासून अध्यक्ष होते. 28 नोव्हेंबर 1994 च्या मतदानात 52.2 टक्के लोकांनी नकार दिला. तुम्हाला त्यांची बाजू पटो न पटो, हा माणूस नुसता स्क्रीनसमोर बसून राहणारा नव्हता एवढं नक्की.

2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि निगार्ड यांना मिळून जाहीर झाला. कॉम्प्युटर क्षेत्रातला हा सर्वोच्च मान. पण त्याचं व्याख्यान द्यायला दोघांपैकी कोणीच उरलं नाही. 29 जून 2002 ला डाल गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, 10 ऑगस्टला, निगार्ड गेले.

आता तुमचा प्रोजेक्ट

समजा तुम्ही गावातल्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप करताय. घरी बसून तुम्ही पेशंट, डॉक्टर, अपॉइंटमेंट असे तीन क्लास कराल. चुकीचं काही नाही. पण एक सकाळ त्या दवाखान्यात जाऊन बसा. रिसेप्शनवरच्या ताईंना विचारा. नंबर न लावता येणारे किती, तातडीचा पेशंट आला की रांगेचं काय होतं, एकाच्या नावावर घरातले तिघं आले तर वहीत कसं लिहितात. तासाभरात कळेल की रांग हाच तुमच्या अ‍ॅपमधला सगळ्यात महत्त्वाचा क्लास आहे. साधी अपॉइंटमेंट आणि तातडीची अपॉइंटमेंट हे टोलनाक्यावरचे ट्रक आणि बस आहेत. समान ते एकत्र, वेगळं ते ज्याच्या त्याच्याकडे.

आणि आणखी एक विचारा. हे अ‍ॅप आल्यावर ताईंचं काम सोपं होणार की वही सांभाळून वर स्क्रीनही सांभाळावी लागणार? स्मार्टफोन नसलेल्या आजोबांचा नंबर कोण लावणार? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच सिलॅबसमध्ये नाहीत. ती दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर मिळतात. तेव्हा पुढचा प्रोजेक्ट सुरू करताना लॅपटॉप जरा उशिरा उघडा. आधी वही-पेन घेऊन रांगेजवळ जाऊन उभे राहा. क्लासची नावं तिथेच सापडतील.