डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

महात्मा जोतिराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली हे आपल्याला पाठच आहे. १८४८ साल, भिडे वाडा, सावित्रीबाईंच्या अंगावर टाकलेले शेण, सगळे सांगता येते. म्हणून ते मी पुन्हा लिहीत नाही. त्यांच्या शेवटच्या आजाराची हकीकत फारशी कुणाला ठाऊक नसते, ती सांगतो.

मे १८८८ मध्ये मुंबईला सभा भरवून लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आपल्याकडे त्याला वारं गेलं असं म्हणतात. उजवी बाजू लुळी पडली. वय होते एकसष्ट. त्यांचे मित्र डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी औषधपाणी केले आणि सावित्रीबाईंनी सेवा केली. घरात पैशाची चणचण होती. एके काळी जोतिराव मोठी कंत्राटे घेत, पण आलेला पैसा शाळा, अनाथ मुले आणि सत्यशोधक समाज यांच्यातच गेला होता.

आमच्या आजोबांनाही वारं गेलं होतं, म्हणून हे दुखणं मी जवळून पाहिलंय. घास तोंडाशी नेताना सांडायचा, मग ते चिडून ताट ढकलून द्यायचे. भेटायला येणारे कुणी साडेसाती म्हणायचे, कुणी मागच्या जन्मीचं पाप. ते ऐकलं की आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुढे काठी घेऊन चालू लागले, पण बोलणं कमी झालं ते झालंच.

जोतिरावांचा देवावर विश्वास नव्हता असे काही जणांना वाटते. ते खरे नाही. ते देवाला निर्मिक म्हणत, म्हणजे हे सगळे निर्माण करणारा. तो एकच आहे, सर्व स्त्रीपुरुष त्याची लेकरे आहेत, आणि लेकराला बापाकडे जायला मध्यस्थ लागत नाही, असे त्यांचे मत होते. आकाशातले ग्रह माणसाला पीडा देतात हे त्यांना मान्य नव्हते. अन्न निर्मिकानेच दिलेले, मग त्यालाच नैवेद्य काय दाखवायचा? त्यापेक्षा आंधळ्यापांगळ्यांना आणि पोरक्या मुलांना द्यावे, असे ते सांगत. आता ते स्वतःच पांगळे झाले होते. तरी त्यांची श्रद्धा हलली नाही, हे त्यांनी त्याच आजारात लिहिलेल्या पुस्तकावरून कळते.

त्या पुस्तकाचे नाव सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक. उजवा हात कामातून गेला, म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने लिहिले. मी घरी डाव्या हाताने वहीचं एक पान लिहून पाहिलं. अर्धा तास गेला, बोटं आखडली आणि आईला त्यातलं काही लागलंच नाही. जोतिरावांनी तर अख्खे पुस्तक लिहिले, तेही प्रश्नोत्तरांचे, जिथे दुसऱ्याची शंका आधी नीट मांडावी लागते. एप्रिल १८८९ मध्ये ते पुरे झाले. मध्येच फेब्रुवारीत मुलगा यशवंत याचे लग्नही त्यांनी सत्यशोधक पद्धतीने लावले. सून हडपसरच्या सासने यांच्या घरातली. हा यशवंत एका विधवेचा मुलगा, १८७४ साली दत्तक घेतलेला.

प्रकृतीला थोडा उतार पडला होता, पण तो टिकला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतिराव वारले. दत्तक मुलगा म्हणून भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या काळी बाईमाणसाने असे करणे कुणी ऐकलेही नव्हते.

पुढच्या वर्षी, १८९१ साली, यशवंतरावांनी ते पुस्तक छापले. छापलेली प्रत काही जोतिरावांना पाहायला मिळाली नाही.