भरतीचे गणित मांडणारे लॉर्ड केल्व्हिन

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. ग्लासगो विद्यापीठात त्यांची नेमणूक झाल्यावर कुटुंब तिकडे गेले आणि अवघ्या दहाव्या वर्षी विल्यमचे नाव विद्यापीठाच्या पटावर चढले. बाविसाव्या वर्षी ते तेथेच प्राध्यापक झाले व ५३ वर्षे त्या पदावर राहिले. निरपेक्ष तापमानाची श्रेणी आणि अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. समुद्राच्या पातळीविषयीचे त्यांचे काम मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

१८७० मध्ये पत्नी मार्गारेट दीर्घ आजारानंतर निवर्तल्या. त्याच वर्षी थॉमसन यांनी ‘लल्ला रूख’ ही शिडाची नौका घेतली आणि पुढे त्यांचे कितीतरी दिवस पाण्यावर गेले.

बंदरातील पाण्याची उंची हा दिसायला एकच आकडा. प्रत्यक्षात ती अनेक चढउतारांची बेरीज असते. चंद्रामुळे येणारा मुख्य चढउतार सुमारे १२ तास २५ मिनिटांचा, सूर्यामुळे येणारा १२ तासांचा. दोन्ही जुळले की उधाण, एकमेकांच्या आड आले की भांग. त्यांत चंद्राच्या बदलत्या अंतराची आणि त्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याची भर पडते. प्रत्येक घटकाचा कालावधी खगोलशास्त्र सांगते; त्याचा आकार आणि विलंब मात्र त्या त्या बंदराच्या नोंदींतूनच शोधावा लागतो. ही पृथक्करणाची रीत थॉमसन यांनी रूढ केली.

बेरीज हाताने करणे जिकिरीचे होते. १८७२ मध्ये ब्रायटनला जाताना आगगाडीत बोशॅम्प टॉवर या अभियंत्याने त्यांना युक्ती सुचवली: अनेक कप्प्यांवरून एकच दोरी न्यावी. प्रत्येक कप्पी एका घटकाप्रमाणे वरखाली होते आणि दोरीचे टोक सर्वांची बेरीज कागदावर रेखाटते. पहिल्या यंत्रात दहा घटक होते. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली भारत सरकारसाठी वीस घटकांचे यंत्र सिद्ध झाले आणि मुंबईसह भारतीय बंदरांची कोष्टके त्यावर तयार होऊ लागली. वारा आणि हवेचा दाब मात्र यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहिले. दाब एक मिलिबारने घटला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते. आजच्या सागरी प्रतिमानांतही हे वाटे निरनिराळे मोजावे लागतात.

त्याच १८७९ साली त्यांनी फिरत्या पृथ्वीवरील पाण्याच्या आंदोलनांचे गणित मांडले. उत्तर गोलार्धात किनारा उजव्या हाताला ठेवून सरकणारी आणि खोल समुद्राकडे विरत जाणारी लाट त्यातून निघाली. हीच केल्व्हिन लाट. बंगालच्या उपसागराचा काठ धरून, श्रीलंकेला वळसा घालून ती आपल्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे येते. त्यामुळे गोव्याच्या पाण्याची पातळी दूरवरच्या वाऱ्यांनीही हलते.

एवढ्या काटेकोर माणसाचा एक हिशेब पुरता चुकला. पृथ्वीच्या थंड होण्यावरून त्यांनी तिचे वय काढले आणि अखेरीस ते दोन ते चार कोटी वर्षांवर आणले. भूगर्भशास्त्रज्ञांचा विरोध त्यांनी जुमानला नाही. किरणोत्साराचा शोध लागल्यावरही त्यांचे मन वळले नाही. हा हट्ट त्यांना शोभला नाही.

१८९२ मध्ये उमरावपद मिळाले, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव त्यांनी घेतले. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्स येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्यांचे दफन आहे. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्यासाठी लागणारे भरतीचे अंदाज याच घडणीच्या दोन यंत्रांवर काढले गेले.