कोटातले बाबासाहेब

वर्धा जिल्ह्यातील नाचणगावात किंवा विदर्भातील दुसऱ्या एखाद्या गावात जा. अनेक घरांच्या भिंतीवर तुम्हांला एक छापील चित्र दिसेल. निळा कोट, लाल टाय, खिशाला पेन आणि हातात पुस्तक. हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे तुम्ही लगेच ओळखाल. पण चित्रात ते बहुधा कोटातच का दिसतात, याचा विचार तुम्ही केला आहे का?

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा ते घरून नेत आणि परत आणत. कारण शाळेचा नोकरही त्याला हात लावत नसे. त्या काळी अस्पृश्यांनी चांगले कपडे घातले, तर ते अनेकांना खपत नसे.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून भीमराव अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पण त्यांना राहायला घर मिळेना. एका उतारूगृहातून लोकांनी त्यांना काठ्या दाखवून बाहेर काढले. इतके शिकूनही जात आड आली. तरीही ते खचले नाहीत.

१९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना स्वच्छ व नीटनेटके राहण्यास आणि इतरांसारखेच लुगडे नेसण्यास सांगितले. पोशाखातूनही माणसाचा मान दिसतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्राम आठवा. तेथे राहणाऱ्या गांधीजींनी गरिबांशी एकरूप होण्यासाठी १९२१ मध्येच साधा पंचा स्वीकारला होता. पण ज्यांना चांगले कपडे घालूच दिले नाहीत, त्यांनी काय सोडायचे? त्यांच्यासाठी बाबासाहेबांचा कोट म्हणजे समानतेचा हक्क होता.

पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरी वस्त्रे होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तरी लोकांच्या मनात कोटातले चित्रच अधिक ठसले.

मित्रांनो, आता ते चित्र पाहाल, तेव्हा कोटाबरोबर हातातले पुस्तकही पाहा. गोणपाटावर बसणारा मुलगा त्या पुस्तकाच्या बळावरच तेथवर पोहोचला होता.