लुडविक फ्लेक : वैद्यकीय सत्याची कसोटी

लुडविक फ्लेक यांचा जन्म ११ जुलै १८९६ रोजी ल्वूफ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे नगर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे ते पोलंडमध्ये गेले आणि आज लविव या नावाने युक्रेनमध्ये आहे. तेथेच वैद्यकाचे शिक्षण घेऊन फ्लेक यांनी टायफस ज्वराचे संशोधक रुडॉल्फ वायगल यांच्या हाताखाली काम केले. विद्यापीठात स्थिर पद मात्र त्यांना महायुद्धापूर्वी लाभले नाही. रोगनिदानाची प्रयोगशाळा हेच त्यांच्या तत्त्वचिंतनाचे क्षेत्र ठरले.

१९२६ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी वैद्यकीय विचारपद्धतीचे वेगळेपण मांडले. वैद्यकाला नियमाबाहेरच्या, रुग्णागणिक बदलणाऱ्या घटनांमध्ये नियम शोधावा लागतो. म्हणून ग्रंथातील रोगचित्र प्रत्यक्ष रुग्णाशी तंतोतंत जुळत नाही. हाच विचार १९३५ साली बाझल येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथात विस्तारला. उपदंशाच्या निदानासाठी १९०६ साली पुढे आलेल्या वासरमान चाचणीचा इतिहास तपासून त्यांनी दाखविले की, वैज्ञानिक तथ्य एकट्या संशोधकाच्या नजरेस अकस्मात पडत नाही. विशिष्ट विचारशैली असलेल्या विचारसमूहात ते हळूहळू घडत जाते.

नाझी अंमलात ल्वूफच्या ज्यू वस्तीत कोंडले गेले असता त्यांनी रुग्णांच्या मूत्रापासून टायफसवर लस तयार केली. १९४३ साली त्यांची रवानगी आउश्वित्झला आणि तेथून बूखेनवाल्डला झाली. बूखेनवाल्डमध्ये कैद्यांचा एक गट सशांच्या फुप्फुसांपासून लस बनवीत होता. फ्लेक यांच्या नंतरच्या कथनानुसार, या गटाने भलत्याच कणांना टायफसचे जंतू मानले होते आणि सर्वांनी परस्परांच्या भ्रमाला पुष्टी दिली होती. चूक उमगल्यावर निरुपयोगी लस नाझी सैनिकांसाठी जाऊ लागली. थोडी खरी लस कैद्यांना गुपचूप दिली गेली.

सुटकेनंतर ते लुब्लिन येथे प्राध्यापक झाले. १९४८ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्याच वर्षी माणसांवरील वैद्यकीय प्रयोगांच्या नैतिक प्रश्नावर लेख लिहिला. ज्याने छावणीत मानवी देहाला साधन बनविलेले पाहिले होते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

१९५७ साली ते इस्राएलला गेले. ५ जून १९६१ रोजी नेस झियोना येथे त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी टॉमस कून यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले. १९७९ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाल्यावर त्यांच्या विचाराची व्यापक चर्चा सुरू झाली.

तथ्य समूहात घडते असे म्हटल्यास सत्य केवळ संमतीवर उरते, असा आक्षेप फ्लेक यांच्यावर घेतला जातो. बूखेनवाल्डचा अनुभव त्याला उत्तर देतो. समूहाच्या एकमताने निकामी लस गुणकारी झाली नाही. कोणत्या कुपीत खरी लस आहे, हे ओळखण्यावर तेथे माणसांचे प्राण अवलंबून होते.